ओले प्रवासी, कोरडे प्रवासी

रकाना पहिला : सहलीचे नाव

'खासगी कॅटमरान व स्नॉर्केलिंग सहल. पूर्ण दिवस. सर्व समाविष्ट.'

सर्व समाविष्ट म्हणजे सगळं धरून. दोन होड्या शेजारीशेजारी जोडून वर ओटा टाकावा तशी ती रुंद बोट धरून, शीड धरून, खलाशी धरून, जेवण, सरबत, टॉवेल, डोळ्यांवरचे मास्क, तोंडातल्या नळ्या, पायात घालायचे बदकासारखे पंजे, सगळं सगळं धरून. आणि बाईंना गृहीत धरून.

रकाना दुसरा : सहलीचे निमित्त

'आमच्या आईंची निवृत्ती.' जावयाचं अक्षर सुरेख आहे.

त्याच्या या आई म्हणजे शहराच्या पोहण्याच्या तलावावरच्या बाई. घरात त्यांना कुणी आई म्हणतं, कुणी वहिनी, कुणी नुसतंच अगं. पण अख्ख्या शहराच्या त्या बाई, तर आपणही बाईच म्हणू. गळ्यात शिट्टी, हातात लांब बांबू आणि 'पाय मार, पाय! पाय काय घरी ठेवून आलास?' हा आवाज. दातांचा डॉक्टर, पोस्टातला कारकून, दोन नगरसेवक, सगळ्यांच्या नाकात पाणी गेलं ते बाईंच्या देखरेखीखाली.

लोकांना वाटतं, पोहायला शिकवणारी बाई दिवसभर पोहत असते. छे. ती दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभी असते, दुसऱ्याच्या पोटाखाली हात धरून. नाहीतर काठावर. एकतीस वर्षांत बाईंनी पाण्याखाली जे जे पाहिलं ते असं : निळ्या फरशा, काळी रेघ, केसांच्या पिना, जखमेवरच्या पट्ट्या आणि एकदा एक कवळी. बस्स.

म्हणून जावयाने लॅपटॉपवर त्या खाडीचे फोटो दाखवले, पिवळे मासे, जांभळी पोवळी, वाळूवर पडलेली बोटीची सावली, तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"तळ दिसतो?"

"वीस-पंचवीस फुटांपर्यंत आरपार, आई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोहण्याच्या जुन्या पोशाखाचा उसवलेला पट्टा शिवून ठेवला. दुहेरी दोऱ्याने. फरशा नसलेला तळ एकदा बघायचा होता त्यांना. मागणी एवढीच, आणि तीही त्यांनी अजून कुणाजवळ केली नव्हती.

रकाना तिसरा : केवळ कार्यालयीन वापरासाठी. येथे काही लिहू नये.

बरं.

रकाना चौथा : प्रवाशांची वर्गवारी

बोटवाल्या कंपनीची भाषा सरळ होती. पाण्यात उतरणारा तो ओला प्रवासी, बोटीवर बसून राहणारा तो कोरडा. खाडी खोल, प्रवाह जोराचा. म्हणून प्रत्येक ओल्या प्रवाशाला मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र हवं : पन्नास मीटर न थांबता पोहतो, खोल पाण्यात दोन मिनिटं तरंगतो. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत ते पोचलं म्हणजे झालं. सहलीला अजून वीस दिवस होते आणि प्रशिक्षक तर घरातच होता. बाई निवृत्त झाल्या असल्या तरी त्यांचा परवाना वर्षअखेरपर्यंत चालू होता.

दुपारच्या चहाच्या वेळी जावयाने जेवणाच्या टेबलावर चार कागद पसरले. वर पेन. बाजूला बाईंचा शिक्का. तो त्याने कपाटातून स्वतःच काढून आणला होता.

"आई, तेवढ्या चार सह्या. मग लगेच पाठवून देतो."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. सवयीने आधी यादी वाचली.

ओले : बाबा, आत्या, मी, ही.
कोरडे : आई, बाळ.
विशेष सूचना : आई पूर्ण वेळ बोटीवर असतील. बाळ, मोबाईल, चष्मे व सर्वांचे कपडे त्यांच्याकडे राहतील.

बाईंनी टोपण परत लावलं.

"माझं नाव बाळाच्या ओळीत कसं?"

"अहो आई, बाळाजवळ कुणीतरी हवं ना."

"आणि कुणीतरी म्हणजे मी."

सोफ्यावरून नवऱ्याने पेपर खाली केला. "अगं, त्याला कशाला बोलतेस? मीच सांगितलं त्याला. जन्मभर पाण्यात होतीस, आता जरा निवांत बस. सावली आहे, गाद्या आहेत. तुझ्या आरामासाठीच चाललंय सगळं."

"चौदा महिन्यांचं पोर आणि आठ जणांचे मोबाईल, हा आराम?"

"आठ कुठले? चारच तर आहेत."

"मला विचारलंत?"

"आता त्यात काय विचारायचं?"



"आई, खरं सांगू?" लेक जपून म्हणाली. "मी तुला पोहताना कधी पाहिलंच नाहीये. काठावर पाहिलंय. मला वाटलं, तुला आवडत नसेल."

ही लेक. हिला तिसऱ्या वर्षी पाण्यात सोडली होती. बाईंच्या डोक्यात एकदम तिडीक गेली, आणि नेमकं तेव्हाच नवऱ्याला गंमत सुचली. "म्हणतात ना, लोका सांगे ब्रह्मज्ञान..."

"पुढचं म्हणा."

"अगं, गंमत केली."

"नाही, म्हणा ना. आपण कोरडे पाषाण. पूर्ण म्हणा. अर्धवट सोडायची तुमची सवय मला माहीत आहे, तलावावरही अर्ध्यातच काठ धरायचात."

आतल्या खोलीच्या दारात नवऱ्याची धाकटी बहीण उभी होती, सुटीला आलेली. ती चहाचा कप तोंडाला लावून हसू लपवू लागली.

"सह्या मिळतील," बाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी सात वाजता तलावावर या. पोहून दाखवा. मी बघेन. मग सही."

"घरातल्या घरात परीक्षा?" जावई हसला. मग हसायचा थांबला.

"समुद्र काय माहेरचा आहे तुमच्या? शिक्का ठेवा जागेवर."

रकाना सहावा : चौकशीसाठी दूरध्वनी

(पाचवा 'वैद्यकीय तक्रारी' असा होता. तक्रारी होत्या, वैद्यकीय नव्हत्या.)

"आजी, साठीच्या पुढच्यांना आम्ही कोरड्यातच सुचवतो."

"मी तुमची आजी नाही. आणि मी सूचना मागितली नाही, नियम विचारला. वयाची अट आहे का?"

"अट अशी नाही..."

"माझ्या यजमानांना चौसष्ट पूर्ण झाली. त्यांना काही सुचवलं नाहीत ते?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "त्यांचं कसं आहे मॅडम, पुरुष मंडळींना बहुतेक पोहता येतंच, म्हणून..."

"तुम्हाला येतं?"

"मला? नाही, मी ऑफिसात असते."

"तुमच्या साहेबांना?"

"...विचारलं नाही कधी."

"विचारा. माझं नाव ओल्यात घाला. प्रमाणपत्र येईल."

"पण स्वतःचं स्वतः देता येत नाही हं मॅडम. दुसऱ्या प्रशिक्षकाची सही लागते."

"हे मात्र बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. आठवडाभरात त्यांना बरोबर वाटलेली ही पहिली गोष्ट.

रकाना सातवा : चाचणीचा निकाल

रविवार. सात. ओल्या फरशीवर क्लोरिनचा वास, काठावर बांबू घेऊन बाई, बाकावर लेकीच्या मांडीवर बाळ.

आधी जावई. उडी झोकात, पाणी चहूकडे, हात असे फिरवतो की जणू तलावाशी जुनं भांडण आहे. पहिली लांबी संपवली, वळला, आणि परत येताना उथळाकडे पोचला तसा पाय टेकून उभा राहिला. धापा टाकत.

"चाळीस मीटर!" तो म्हणाला. "चाळीस म्हणजे ऐंशी टक्के, आई. डिस्टिंक्शन आहे!"

"बुडायला उरलेले वीस टक्के पुरतात. नापास."

मग नणंद. ही कधी पाण्याजवळ गेल्याचं तिच्या भावाला ठाऊक नव्हतं. यादीत तिचं नाव केवळ माणशी खर्चाची बेरीज जुळावी म्हणून होतं. ती शांतपणे शिडीवरून उतरली आणि पुस्तकाची पानं उलटावीत तसे हात टाकत पन्नास मीटर करून आली. मग पाठीवर पडून राहिली. दोन मिनिटं झाली, अडीच झाली.

"हे कधी शिकलीस?" भाऊ ओरडला.

"वीस वर्षं झाली," ती आकाशाकडे बघत म्हणाली. "वहिनींच्या दुपारच्या बायकांच्या वर्गात. दादाला सांगू नका, असं मीच म्हणाले होते. उगाच मला सल्ले दिले असतेस."

लेक पास. तिच्याबद्दल शंका नव्हतीच, तरी बाईंनी घड्याळ लावलं.

आता नवरा. त्याने काठावर आधी भरपूर व्यायाम केला, ओळखीच्या दोघांना हात केला, पोट आत घेतलं. पन्नास मीटर केले म्हणा कसेबसे, कडेकडेने, पण केले. बाईंनी प्रामाणिकपणे खूण केली. मग खोल पाण्यात तरंगणं. वीस सेकंद. तीस. चाळिसाव्याला हनुवटी खाली गेली, डोळे मोठे झाले. बाईंनी बांबू पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

"मी धरला नसता तरी चाललं असतं," वर आल्यावर तो म्हणाला.

"मी पुढे केला नसता तर कळलं असतं."

निकाल त्यांनी तिथेच लिहिला. दोन पास, दोन नापास. राग होता, पण रागाने कुणाचा एक मीटर कमी केला नव्हता.

लेकीने हिशेब केला. "म्हणजे बाबा आणि हे बोटीवर. म्हणजे बाळाचं..."

"दोन दोन माणसं आहेत आता," नणंद म्हणाली. "चंगळ आहे त्याची."

रकाना आठवा : प्रशिक्षकाची सही

तलावावरचे नवे प्रशिक्षक भले गृहस्थ. बाईंच्या हाताखाली सहा वर्षं काढलेले. बाईंनी कागद पुढे केला तसे ते खुर्चीतून उठलेच.

"बाई, तुमची कसली परीक्षा? लाजवता काय! आणा इकडे, करतो सही."

आणि इथे, आठवडाभर मुठीत धरलेलं सगळं सुटलं.

"न बघता?" बाईंचा आवाज चढला तसे उथळ पाण्यातले लोकही वळले. "न बघता सही करणार? मग त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय? ते न बघता म्हणतात हिला येत नसेल, तुम्ही न बघता म्हणता हिला येणारच. बघायचं कुणालाच नाही! एकतीस वर्षं मी या शहरातल्या एकेका माणसाचे हातपाय बघितले, श्वास कुठे घेतो, मान कुठे वळवतो. मला एकदा दोन मिनिटं बघा म्हटलं तर सगळ्यांना घाई!"

प्रशिक्षकांनी पेन खिशात ठेवलं. गळ्यातली शिट्टी नीट केली.

"चौथ्या पट्ट्यात या, बाई," ते म्हणाले. "शिट्टी झाल्यावर सुरू."

बाई उतरल्या. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा क्षणभर सवयीने हात पुढे गेले, कुणाचं तरी पोट धरायला. मग त्यांनी ते मागे घेतले.

शिट्टी.

बाकावरच्या कुणाला काय बोलावं कळेना, कारण बोलण्यासारखं काही घडतच नव्हतं. पाणी उडत नव्हतं, आवाज होत नव्हता. एक एकसष्ट वर्षांची बाई तलावाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जात होती, एवढंच. पण अशी, की पाणी आपणहून बाजूला होतंय. पन्नास झाले. प्रशिक्षकांनी हात वर केला. बाई वळून पुढे गेल्या. शंभर. दीडशे. "बाई, झालं! पास!" दोनशे. नवऱ्याच्या खांद्यावर टॉवेल होता, तो खाली पडला, त्याने उचलला नाही. लेक उभी राहिली होती आणि तिच्या कडेवरचं बाळ हात हलवत होतं.

अडीचशेवर त्या थांबल्या आणि पाठीवर होऊन तरंगू लागल्या. प्रशिक्षकांनी दोन मिनिटं पुरी मोजली. एक सेकंदही सोडला नाही. मग सही केली.

रकाना नववा : शेरा

बाई अजून पाण्यातच होत्या, काठावरून मागून घेतलेला मास्क कपाळावर चढवून. शिडीजवळ नवरा उकिडवा बसला. सूर उतरला होता.

"तेरा-चौदा दिवस आहेत अजून. तू शिकवलंस मला तर होईल तरंगणं."

"नाही."

"अगं, दहाच दिवस. घरच्या घरी..."

"घरच्या घरी काही नाही. मी सुट्टीवर आहे. नवशिक्यांचा वर्ग पावणेसहाला असतो, यांच्याकडे. त्या खिडकीवर अर्ज मिळतो."

"त्या पोराटोरांबरोबर उभा राहू?"

"कमरेएवढ्या पाण्यात. चांगलं असतं, मी राहिले आहे."

तो उठला आणि खिडकीकडे गेला. खिडकीतल्या मुलीने मोठ्याने एकेक प्रश्न वाचला, भरलेल्या तलावावर आवाज लांब जातो. "पोहता येतं? हो की नाही?" तो इकडेतिकडे बघत राहिला. चाळीस वर्षं हो म्हणत आलेला माणूस. "नाही," तो म्हणाला. "मोठ्याने बोला." "नाही येत!"

"वय?"

"चौसष्ट."

"मग घरच्या जबाबदार व्यक्तीची सही लागेल. कोण आहे बरोबर?"

जावई एकदम बुटांच्या नाड्या बांधू लागला. नवऱ्याने हातातला अर्ज जरा उंच धरला आणि तलावाकडे बघितलं.

"अगं, येतेस का जरा? सही हवी आहे."

"येते," बाई म्हणाल्या.

"किती वेळ लागेल?"

"बघू," त्या म्हणाल्या, मास्क डोळ्यांवर ओढला आणि भिंतीला पाय लावून पुन्हा निघाल्या.