जिथं मी बंद पडतो

"अर्जुनरावांचं सोन्याचं घड्याळ जिथं बंद पडतं ना, तिथं हमखास—"

अर्जुनरावांच्या खिशात बसून मला एवढंच ऐकू आलं. दूध सोसायटीच्या ओट्यावर कुणीतरी कॅनचं झाकण आपटलं अन् पुढचं त्या आवाजात गेलं. हमखास काय? जीव टांगणीला लागला, कारण ते घड्याळ म्हणजे मी! स्वतःबद्दलची अफवा अर्धीच कानावर यावी, यापरता छळ नाही. त्यात मला कानोसा घ्यायची खोड. खिशात राहणाऱ्याला दुसरा धंदा काय असतो?

तर मी, अर्जुनरावांचं खिशातलं घड्याळ, बोलतोय. जन्म विलायतेतला, असं माझ्या पाठीवर कोरलंय म्हणे. आपली पाठ आपल्याला कुठं दिसते? झाकण सोन्याचं, पोटातली चाकं पितळेची. पण पोटात डोकावतो कोण!

अर्जुनराव मोठे शास्त्रज्ञ. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायचे. हैदराबादपासून पुण्यापर्यंत नाव होतं. हैदराबादच्या गुरुजींनी बक्षीस म्हणून मला त्यांच्या हाती दिलं. मला वाटलं, आता सभा, गालिचे, हारतुरे. नशिबी आले विहिरींचे काठ! आमच्या कडा गावाकडच्या विहिरी उपसायच्या अन् मग मला हातात धरून बसायचं, पाणी वीतभर चढायला किती मिनिटं लागतात ते बघत. उन्हात मी असा तापायचो की माझ्यावर पापड भाजला असता. त्यात मी तासाला चार मिनिटं मागं. साहेबांनी मला कधी दुरुस्त केलं नाही. वहीत ती चार मिनिटं मिळवून घ्यायचे. घरच्या माणसाचे दोष आपण असेच सांभाळून घेतो की नाही?

साहेब वारले. त्यांच्या बहिणीनं, भिवराबाईनं, वही भिंतीतल्या देवळीत ठेवली अन् मला तुरीच्या डाळीच्या डब्यात.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सोसायटीच्या गुरांना प्यायला पाणी नाही. गुरं राखणारा सटवा म्हणाला, "अमावस्येपस्तोर पाणी न्हाई दिसलं, तर माझ्या साही गाई बाजारात." अन् उगाच उपरण्यानं तोंड पुसत राहिला. सोसायटीनं विहीर खणायचं ठरवलं, अन् खर्चासाठी भिवराबाईनं मला लिलावाला दिलं.

आमच्याकडं लिलाव ठाऊक तो सप्ताहातल्या नारळाचा. बोली जिंकायची, टाळ्या घ्यायच्या अन् नारळ परत देवापुढं ठेवायचा. मलाही तोच न्याय. आश्रुबानं मला घेतलं अन् छाती फुगवून परत दिलं. गहिनीनाथनं घेतलं, त्यानंही परत दिलं. एका सकाळी दोनदा विकून मी आपला तिथंच! तिसऱ्यांदा चेअरमन मोहनरावांनी बोली जिंकली अन् मला सरळ खिशात घातलं.

अफवेचा राहिलेला अर्धा तुकडा मला त्या खिशात कळला. मी जिथं बंद पडतो, तिथं हमखास पाणी! मोहनरावांना विहीर हवी होती स्वतःच्या उसाला लागून. मी तिथं बंद पडलो की गाव मान डोलावणार. चार दिवस त्यांनी मला वाळत्या उसात फिरवलं. "पड की बे बंद!" म्हणायचे. पण माणूस टापटिपीचा, रोज सकाळी आठवणीनं चावी द्यायचे. मी कशाचा बंद पडतो! उभ्या आयुष्यात इतका नेमानं कधी चाललो नव्हतो.

पाचव्या दिवशी चावी दिली अन् वैतागून भिवराबाईकडं आले.

"आक्का, हे थांबतच न्हाई."

"चावी देता का?"

"रोज. आताच दिली."

"मंग कावून थांबंल? बैलाला वैरणबी टाकायची अन् मर बी म्हणायचं! चावी देऊ नका आता."

तिनं माझ्याकडं तिरकं बघितलं. एका चावीवर मी दीड दिवस चालतो, हे तिला पक्कं ठाऊक. अन् दुसऱ्या दिवशी सांजेला विहिरीची जागा ठरवायला अख्खा गाव गायरानात जमणार होता, हेही.

दुसरा दिवसही उसात गेला. मी दमलो, पण चालतच होतो. तसेच मला मुठीत धरून मोहनराव गायरानात आले. बुजलेल्या जुन्या विहिरीपाशी सटवाच्या गाई माना टाकून उभ्या होत्या. मोहनरावांनी घसा खाकरला, "विहीर माझ्या बांधावरच—" अन् सवयीनं माझं झाकण उघडलं.

टिकटिक नाही.

"थांबलं!" आश्रुबा ओरडला.

"हितंच थांबलं, चेरमनसाब," सटवा म्हणाला. "आता घड्याळालाबी खोटं पाडता का?"

'हे थांबेल तिथं पाणी' असं गावभर सांगत फिरले होते ते मोहनरावच; त्यांनी माझं झाकण मिटलं अन् गावाबरोबर मान डोलावली.

खरं सांगू? वहीत त्या जुन्या विहिरीचं पान आहे. साहेब अन् मी तिच्या काठावर बसलोय. पाणी सावकाश चढायचं, पण चढायचं थांबायचं नाही. मला सगळं माहीत होतं, पण टिकटिकीपलीकडं बोलता कुठं येतं! अन् वहीला विचारतो कोण? बंद पडलेल्या घड्याळाचं मात्र सगळे ऐकतात.

गाळ काढून आणखी खाली खणलं. पाणी लागलं, पण अफवेतल्यासारखं धो धो नाही. उसाला पुरेल असं तर नाहीच. गुरांपुरतं. तोवर सटवाची एक गाय विकली गेली होती. पाच दावणीला राहिल्या.

गावाच्या टोमण्यांना कंटाळून मोहनरावांनी मला सोसायटीला देऊन टाकलं. आता मी तिथल्या भिंतीवर खिळ्याला लटकलोय. अजून तासाला चार मिनिटं मागंच. दूध घालायला उशीर झालेले सगळे माझंच नाव सांगतात. सांगू द्या. माझी विनंती एवढीच, की पाणी शोधायला मला नेऊ नका, देवळीतली ती वही काढा.

मोहनराव ऐकत नाहीत. अजून अधूनमधून मला मागून नेतात अन् उसात फिरवून आणतात. म्हणून भिवराबाई रोज सकाळी दूध घालायला आली की चरवी खाली ठेवते अन् आधी मला गच्च चावी देते.