वरच्या अकरा पट्ट्या

सूरकाका नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत, आणि विषय पियानोचा असला तर विचारूच नका. चाळीस वर्षं ते शहरातले पियानो सुरात लावत आले होते. पिशवीत तारांच्या खुंट्या पिळायची एक किल्ली, तारा दाबून धरायला लोकरी नमद्याच्या चार पाचरी, आणि डोक्याच्या दोन बाजूंना दोन कान, एवढंच त्यांचं भांडवल.

त्यामुळे शाळेच्या सभागृहातला पियानो कुणीतरी मोबाइलमधला प्रोग्रॅम बघून लावून गेला, हे कानावर आलं तेव्हा ते भर दुपारी तिथे जाऊन थडकले. सगळ्या पट्ट्या वाजवून पाहिल्या. "वरच्या सप्तकात जीवच नाही," ते म्हणाले. "झोपेतून उठवल्यासारखं वाजतंय." संगीताच्या बाई खिडकीपाशी वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी वहीतून मान वर केली नाही. काकांनी पियानो पुन्हा आपल्या कानाने लावला आणि मगच घर गाठलं.

घरी सुनेने समजावलं. ती प्रोग्रॅम लिहिण्याच्याच नोकरीत होती. "बाबा, हा कुणा कंपनीचा नाहीये. जगभरातल्या लोकांनी फावल्या वेळात लिहिलाय. आत काय आहे ते कुणीही उघडून बघायचं, चूक दिसली तर सुधारून पाठवायची. पटली तर घेतात."

"कोण घेतं?"

"घुबड."

प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याचं नावगाव कुणाला ठाऊक नव्हतं. नावाच्या जागी घुबडाचं चित्र होतं. काका पोटभर हसले, आणि हसता हसताच त्यांनी ठरवून टाकलं की या घुबडाला ऐकायला शिकवायचं.

गोष्ट साधी होती. पियानोच्या वरच्या तारा आखूड आणि ताठ. गणिताप्रमाणे लावल्या तर कानाला उतरलेल्या वाटतात, म्हणून त्या किंचित चढवाव्या लागतात. किती, ते लावणाऱ्याचा कान सांगतो. प्रोग्रॅममध्ये त्या चढाचा एक तक्ता होता. काकांना तिथे आपला तक्ता हवा होता. मनात आणखी एक होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कान आपल्याआधी जाणार हे त्यांना अलीकडे स्वप्नात कळायचं. जाण्यापूर्वी तो कुठेतरी ठेवून द्यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. केटलची शिटी त्यांना ऐकू येईनाशी झाली होती, हे सुनेच्या लक्षात आलं होतं. तीही बोलली नव्हती.

मग महिनाभर सुट्टीच्या दुपारी दोघं घरोघर हिंडले. बारा घरं, बारा पियानो. अनोळखी दिवाणखान्यांत पडद्यांतून गाळलेलं ऊन यायचं, घरची माणसं चवड्यांवर चालायची, काका डोळे मिटून एकेक तार चढवायचे आणि सून मोबाइल धरून आकडा टिपायची. कधी कधी काका तिला म्हणायचे, "लिहिलंस का गं?" आणि त्या आवाजात तिला वाटायचं, हे आपल्याला विचारत नाहीयेत.

तक्ता घुबडाकडे गेला. प्रत्येक सुधारणेबरोबर ती का केली याचं कारण लिहावं लागतं, आणि ते कारण नावासकट तिथे कायमचं राहतं, असा त्या मंडळींचा रिवाज. काकांनी ठणकावून लिहवून घेतलं : माझ्या कानाला असंच बरोबर वाटतं.

आठव्या दिवशी घुबडाचं उत्तर आलं. सुनेने ते आधी मनात वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

"वाच की," काका म्हणाले.

"खालचं आणि मधलं सगळं आवडलंय त्याला. म्हणतो, इतकं सुंदर काम फार दिवसांनी पाहिलं."

"आणि वरचं?"

तिने वाचलं. हलक्या आवाजात, पण काहीही न गाळता. घुबडाने लिहिलं होतं : वरच्या अकरा पट्ट्यांबद्दल एक शंका आहे. पियानो लहानमोठे आहेत, तारांची लांबी वेगवेगळी आहे, तेव्हा चढही वेगवेगळा यायला हवा. इथे तो बाराही पियानोंत सारखाच आलाय, आणि फार जास्त. म्हणजे तो तारांमधून आलेला नसावा. बाराही ठिकाणी सारखं काय होतं, ते कृपया तपासाल का?

बाराही ठिकाणी सारखं काय होतं ते दोघांनाही माहीत होतं.

काकांनी डोक्यात राख घालून घेतली. घुबडाला दिवसा दिसत नाही म्हणाले, सगळं काढून टाक म्हणाले, आणि चप्पल अडकवून बाहेर पडले. पाय आपसूक शाळेकडे गेले.

सभागृह रिकामं होतं. उंच खिडक्यांतून आलेल्या उन्हात धूळ सावकाश फिरत होती. त्यांनी डावीकडून सुरुवात केली आणि एकेक पट्टी वाजवत वर सरकले. खालचे सूर छातीत उतरले, मधले खोलीभर पसरले. मग हळूहळू सूर कापसात गुंडाळल्यासारखे झाले, आणि शेवटी फक्त लाकडाचा आवाज उरला. टक. टक. टक. त्यांनी मोजले. अकरा.

इतके दिवस ती जागा ते आठवणीने भरत होते.

संगीताच्या बाई दारात उभ्या होत्या. काकांनी वळून न बघताच विचारलं, "या वरच्या पट्ट्या कानाला टोचतात का हो?"

"टोचतात," बाई म्हणाल्या. "चार वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते. तुम्ही इतके चिडलात की पुन्हा धीर झाला नाही. मुलांची गाणीच खाली आणली मी. वरच्या पट्ट्यांना हात लावायचं सोडून दिलं." त्या जरा थांबल्या. "त्या प्रोग्रॅमवाल्याला मीच बोलावलं होतं."

काकांना लाज वाटली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्या कामाची लाज वाटली, आणि तिला ठेवायला त्यांच्यापाशी जागा नव्हती.

घरी येऊन त्यांनी कपाटाच्या तळातून एक निळी वही काढली आणि सुनेसमोर ठेवली. तीस वर्षांपूर्वी सुईचं एक मापयंत्र उसनं मिळालं होतं. काका कानाने तार लावायचे, बायको सुई बघून आकडा लिहायची. असे नऊ पियानो वहीत होते. सुनेने वरच्या पट्ट्यांचे आकडे पडताळले. प्रत्येक पियानोचा चढ निराळा होता, आणि त्यांच्या आताच्या आकड्यांच्या निम्मासुद्धा नव्हता.

एका पानावर, सगळ्यात वरच्या पट्टीपुढे, गेलेल्या सासूबाईंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : यांना अजून हवंय. मी म्हटलं, पुरे.

"हे खरंय?" सुनेने विचारलं.

"वरचं तिलाच जास्त नीट ऐकू यायचं," काका म्हणाले. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

त्या रविवारी सकाळी दोघांनी तक्ता नव्याने भरला. कारण काकांनी स्वतः सांगितलं, शब्द शोधत शोधत : वरच्या अकरा पट्ट्या जुन्या वहीतून घेतल्या आहेत. त्या मला आता ऐकू येत नाहीत. वही लिहिणारीला येत होत्या. तिचंही नाव लावावं.

घुबडाने दुसऱ्याच दिवशी सुधारणा घेतली. बाकी काही न लिहिता दोन्ही नावं एकाखाली एक लावली. सुनेने मोबाइलचा पडदा काकांपुढे धरला, तेव्हा ते कितीतरी वेळ खालच्या नावावर बोट ठेवून बसले.

पुढच्या आठवड्यात काका मोबाइल घेऊन सभागृहात गेले. खालचे सूर कानाने लावले, वरचे पडद्यावरचा दिवा बघून. शेवटच्या खुंटीवर दिवा स्थिर झाला. हाताला मात्र जुनी सवय, त्याला अजून केसभर पिळायचं होतं. बोटं वळलीसुद्धा. आणि डाव्या कानापाशी, जिथे बायको वही घेऊन बसायची तिथून, कुणीतरी म्हणालं, पुरे.

त्यांनी किल्ली काढून घेतली.

बाई स्टुलावर बसल्या आणि चार वर्षं खाली आणलेलं एक गाणं त्यांनी मूळच्या जागी वाजवायला घेतलं. गाणं मधून वर चढलं, आणखी वर गेलं, आणि काकांपुरतं लाकडाच्या टकटकीत नाहीसं झालं. ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"टोचतंय का?" त्यांनी विचारलं.

बाईंना ते ऐकू आलं नाही. त्या वरच्या अकरा पट्ट्यांवर होत्या, आणि इतक्यात खाली यायला तयार नव्हत्या.