दरीतला ॲक्सल

मागचं डावं चाक गाडीच्या पुढे निघून गेलं. तुमेलोनं स्टिअरिंग डोंगराकडे ओढलं, गाडी कड्याला घासत थांबली, आणि चाक आपलं आरामात उड्या मारत दरीत उतरलं. मागे मक्याच्या पोत्यांवर बसलेल्या बायकांपैकी एकही ओरडली नाही. ओरडायला आधी श्वास लागतो.

पुढच्या सीटवरून तुमेलोची आई, गाडीची मालकीण मातुमेलो, खाली उतरली. घोंगडीची पिन तिनं नीट लावली आणि तिथेच धुळीत मटकन बसली.

"आई, अगं बोल काहीतरी," तुमेलो म्हणाला. गप्प बसलेली आई त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या फाफोली म्हाताऱ्यानं ॲक्सलची तुटलेली दांडी हातात फिरवली.

"मे मातुमेलो, बाई, ही गाडी आहे, सून नव्हे, टाकाल ते मुकाट वाहायला. एक तर माणसं निम्मी करा, नाहीतर मोठ्या ट्रकचा ॲक्सल घाला. त्यात दांडी तुटली तरी चाक जागचं हलत नाही."

"निम्मी माणसं? आणि उरलेल्यांना काय तुझ्या पाठीवर चढवू, न्ताते बाबा?"

"माझी पाठ केव्हाच गेली. ॲक्सल घाला. या डोंगरात तसा एकच आहे, आणि कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. तो मोलेफीच्या गाडीत होता, आणि ती गाडी हिवाळ्यात मोलेफीला घेऊन दरीत गेली होती. रिवाजाप्रमाणे मामानं त्याचे कपडे, घोंगड्या, खोगीर नातलगांत वाटून दिलं. दरीतलं लोखंड कुणीच मागितलं नाही.

दोन्ही घरच्या गाड्यांची चढाओढ जुनी, आणि दोन्ही आयांच्या टोमण्यांची त्याहून जुनी. पण पोर गेल्यापासून मातुमेलोनं त्याच्या आईला हाकसुद्धा मारली नव्हती. कशी मारणार? तिचं नावच मामोलेफी, मोलेफीची आई.

आज मातुमेलो तिच्या दारात उभी राहिली.

"काय गं, जीभ कुठे सांडलीस?" आतून आवाज आला. "माझं नाव आहे अजून. घे की."

"मे... मामोलेफी. मला तो ॲक्सल हवाय."

"वा! सांत्वनाला आलीस वाटलं मला." काळी शाल ओढत ती बाहेर आली. "चल. दाखवते."

तुमेलो दोर घेऊन दरीत उतरला. वर दोन घोडे तयार होते. त्यांच्या खोगिरांना मातुमेलोनं दोराचं टोक बांधलं आणि खाली वाकून पाहिलं. टप चेपला होता, काचा फुटल्या होत्या. ॲक्सल मात्र सरळ होता.

"त्याला ओरखडासुद्धा नाही," मामोलेफी म्हणाली.

"मग पोरगा गेला कशानं?"

"वरच्या वाटेनं गेला, म्हणून. बर्फावरून."

"तिकडे तर कुणीच जात नाही!"

"तोही जायचा नाही. भित्रा होता माझा. वळणावर उतरून आधी पायानं माती चाचपायचा, तू नाही का सगळ्यांना नक्कल करून दाखवायचीस? हा ॲक्सल बसला आणि त्याचं उतरणं थांबलं." तिनं खाली पाहिलं. "पहिल्या दिवशी मी पुढच्या सीटवर होते. म्हटलं, शाब्बास! आता त्या मातुमेलोच्या अंगणावरून हॉर्न वाजवत ने."

तो हॉर्न मातुमेलोनं ऐकला होता. त्या दिवशी तिनं दिलेल्या शिव्याही तिला आठवत होत्या.

"आई!" खालून तुमेलोचा हसरा आवाज आला. "काय माल आहे गं! हा बसू दे, मग आपणपण वरची वाट धरू. अर्धा दिवस वाचेल!"

दोघी हलल्या नाहीत. मामोलेफीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ऐकलंस का, आई? ॲक्सल सोडवून दोराला बांधलाय. ओढा आता!"

"तुमेलो," मातुमेलोला आपलाच आवाज ओळखू आला नाही. "परवा चाक सुटलं तेव्हा भ्यालास?"

"भ्यालो म्हणजे? अजून पाय लटपटतात!"

मातुमेलो घोड्याकडे वळली आणि खोगिराची गाठ सोडू लागली. दोर ताणलेला, गाठ दगडासारखी बसलेली. बोटं घसरत होती. मामोलेफी पलीकडून आली आणि नखानं दुसरा पीळ उकलू लागली.