तिरप्या अक्षरातली नावं

"नावां तिरप्या अक्षरांतच होयी," रघुनाथ म्हणाला. "वहिनी करी तशी."

मी मशीनला तेल घालत होतो. हात पुसत म्हटलं, "म्हापशाक ने रे. थंय बरी करतत."

"म्हापशाक कित्याक रे बाबली? वहिनीन स्नेहाक सांगलेला, तुज्या लग्नाची पत्रिका मीच करतलंय म्हणान. सुमन दुसऱ्याचा आयकाक तयार नाय."

सुमन म्हणजे त्याची बायको. ही लाटंबार्सेची माणसं, आमची जुनी गिऱ्हाइकं. त्यांची मुलगी स्नेहा बापाच्या मागे दारातच उभी होती.

डिचोलीच्या बाजारात आमचा छोटा छापखाना आहे. छपाई माझी, अक्षरजुळणी माझ्या बायकोची, हर्षाची. रघुनाथ तिलाच वहिनी म्हणायचा. गणपतीनंतर हर्षा गेली. तेव्हापासून मी पावतीपुस्तकं, सभेच्या नोटिसा, असली सरळ अक्षरातली कामं करतो. घरात मरण झालं की वर्षभर तिथे लग्नाची पत्रिका छापायला द्यायला लोक कचरतात. तोंडावर कोणी बोलत नाही, दुसरीकडे जातात. मला ते बरंच होतं. तिच्या खुर्चीवर बसावं लागत नव्हतं.

"वर्ष जावंक नाय अजून," मी म्हटलं.

"ता आमी बघतलंव. तू बस."

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. स्नेहाने स्टूल ओढून घेतलं.

पत्रिकेच्या इंग्रजी बाजूवर नवरा-नवरीच्या नावांसाठी हर्षा एक ठरावीक अक्षर वापरायची. रुंद टाकाने, उजवीकडे कलून लिहिल्यासारखं. खाली येणारी रेघ जाड, वर जाणारी बारीक, आणि टोकांना छोटे पाय. शाळेच्या प्रमाणपत्रांवर, हॉटेलांच्या मेनूवर ते शोभतं. लांब मजकुराला चालत नाही, डोळे थकतात. एवढं मला तिच्याकडून ऐकून माहीत होतं.

मी स्नेहाचं नाव टाइप केलं. पहिल्या दोन अक्षरांच्या मधून बैल जाईल एवढी जागा राहिली. पुढची एकमेकांच्या अंगावर पडत होती.

"काका, माका लग्नाआधीच तोडून टाकलात," स्नेहा म्हणाली.

हर्षा बाणाची कळ दाबून एकेक अक्षर सरकवायची. मी हजारदा बघितलं होतं, केलं कधीच नव्हतं. एक अक्षर पुढे घेतलं की त्याची शेपटी शेजारच्याच्या पायात जायची. मागे घेतलं की नाव फाटायचं. दोन-तीनदा सगळं पुसून पुन्हा टाइप केलं.

"कॅपिटलांत कर मरे," रघुनाथ म्हणाला. "लांबसून दिसाक होया."

करून दाखवलं. ती मोठी अक्षरं तिरपी झाल्यावर वाऱ्याने कललेल्या कुंपणासारखी दिसली.

"बाबा, गुरां शिरतली ह्याच्यांतसून!"

"बरां बरां. मगे पत्तो, वेळ, जेवणाचा, सगळां तिरप्यांत कर."

"सगळींच नटून बसली तर नवरी खंयची ती कळतली कशी?" मी म्हटलं.

रघुनाथ मोठ्याने हसला. स्नेहाही हसली. वाक्य हर्षाचं होतं, प्रत्येक गिऱ्हाइकाला ती ते ऐकवायची. माझ्या तोंडून ते माझंच असल्यासारखं निघालं, आणि मीही हसलो.

मग हात बसला. स्नेहाचं नाव जमलं, नवऱ्याचं, निलेशचं, त्याहून लवकर जमलं. रघुनाथला सोनेरी शाई हवी होती. तिच्यात बारीक रेघा हरवतात, म्हणून तांबडी-तपकिरी ठरवली. सरळ अक्षरातला पत्ता खाली बसवला. चहा आला, थंड झाला. मशीन लावलं, पहिला कागद बाहेर आला, उजेडात धरला. चांगला आला होता. फार चांगला.

"काका, तुमी शीळ घालतात?" स्नेहाने विचारलं. "माका कळूकच नाय तुमका येता ती."

मी थांबलो. कधीपासून घालत होतो कोण जाणे. दुपार सरली होती. तिच्या खुर्चीवर बसून, तिचं काम करत, तिचं वाक्य बोलत मी सगळी दुपार काढली, आणि हात बसल्यापासून ती मला एकदाही आठवली नव्हती. मला मजा वाटली होती. मी मशीन पुसायला वळलो. ते पुसण्याइतकं मळलं नव्हतं.

"पयली पत्रिका देवाक," रघुनाथ मागून म्हणत होता. "आनी दुसरी तुका. आतांच देतंय, मागीर इसरान जातलंय."

त्याने टेबलावरचं पाकीट ओढलं, माझं शाईचं पेन घेतलं आणि लिहायला लागला. हजार पाकिटांवर लिहितात तसंच, हाताच्या सवयीने. श्री. व सौ. बाबली...

पेन थांबलं.

"बाबा," स्नेहा हळूच म्हणाली.

रघुनाथचे कान लाल झाले. "फाडून टाकतंय. दुसरां पाकीट दी रे. माजी मती..."

"फाडू नको."

"अरे, पण..."

"नाव पुराय कर," मी म्हटलं. "आडनाव रवला."

त्याने मान खाली घालून आडनाव लिहिलं. अक्षर सरळ, जाड, शाळेतल्यासारखं. पाकीट माझ्या हातात देताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

शाई अजून ओली होती. बोट लागू नये म्हणून मी ते कडांनी धरलं आणि वाळेपर्यंत तसाच उभा राहिलो.