रिकाम्या हवेतला धूर

मित्रांनो, द्वारकेच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत तुळशीची कुंडी आहे. तिच्यामागे एक राखाडी पत्र्याची पेटी दिसेल. तिच्यावर कपडे वाळवायचे चिमटे ठेवलेले असतात. ती पेटी म्हणजे मी, एक जुना धूरमापक. नाव मोठे आहे, पण काम सोपे होते. गाडीच्या धुराची नळी माझ्यात घालायची, माझ्या एका टोकाच्या दिव्याचा उजेड दुसऱ्या टोकाच्या काचेवर पडायचा आणि मध्ये धूर किती आडवा आला ते माझा काटा सांगायचा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, पण त्यातले मला फारसे आठवत नाही. पेटी बंद होते तेव्हा आतल्याला काय कळणार? मला आठवते ती गाझियाबादच्या पेट्रोल पंपावरची पत्र्याची टपरी आणि माझे झाकण उघडणारे दोन जाड हात. ते हात गुणवंत शेलार यांचे. फलटणकडचे हे गृहस्थ फौजेत गाड्या दुरुस्त करत हवालदार झाले आणि दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून निवृत्त झाले. गावी परत जायचे, तर मुलगी शिवांजली इथल्या शाळेत रमलेली. मग त्यांनी धूर तपासायचा परवाना काढला आणि मला विकत घेतले.

त्या काळी गाझियाबादच्या आसपास इमारतींचे पेव फुटले होते. काल जिथे मोहरीचे शेत होते तिथे आज बिल्डरचा फलक. वाळूचे आणि विटांचे ट्रक रात्रंदिवस धावत आणि त्यांचा धूर माझ्या वाट्याला येई. खरे सांगतो, मला कामाचा अभिमान वाटे. मारुती आली की काटा नुसता मान हलवायचा, आणि विटांचा ट्रक आला की ताठ उभा राहायचा.

गुणवंतरावांची शिस्त फौजेची. रोज सकाळी आधी माझी काच पुसायची, मग काटा शून्यावर आणायचा, मग चहा. काच पुसायला मलमलीचा एक तुकडा होता, शिवांजलीच्या बाळपणीच्या दुपट्यातून फाडलेला. रेवतीवहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हे मुळीच आवडले नव्हते. "आख्ख्या दिल्लीत दुसरं फडकं मिळालं नाही का तुम्हाला?" त्या म्हणायच्या. गुणवंतराव म्हणायचे, "याच्याइतकं मऊ नाही मिळालं."

ट्रकवाले हुज्जत घालायचे. "फौजीसाब, थोडा कम लिख दो ना." गुणवंतराव काट्याकडे बोट दाखवायचे. "भाई, मशीन झूठ नहीं बोलती." वर्षानुवर्षे मी हे एकच वाक्य ऐकले आणि त्यावर फुगलो. काही ड्रायव्हर शिव्या घालत पुढच्या केंद्राकडे जायचे, पण नेकीने गाडी चालवणारे मुद्दाम आमच्याकडे यायचे.

मग एका पावसाळ्यानंतर पंपाचे मालक वर्तमानपत्र घेऊन टपरीत आले. राज्याने नियमांत बदल करायचे योजले होते. जुनी काट्याची यंत्रे जाऊन संगणकाची यावीत, आणि ती चालवणाऱ्याकडे डिप्लोमा असावा, तरच त्याला परवाना मिळावा. हा मसुदा होता, अजून पक्के काही नव्हते. गुणवंतरावांकडे फौजेच्या वर्कशॉपचा दाखला होता, पण मान्य दाखल्यांत तो बसत नव्हता. त्यातल्या त्यात एक वाट ठेवली होती. खात्याचे लोक जुन्या केंद्रांची पाहणी करणार होते. ज्याचे यंत्र चोख निघेल, त्याला यंत्रासकट चालू ठेवावे अशी ते शिफारस करणार होते.

"म्हणजे सगळं याच्यावर आलं," गुणवंतराव माझ्यावर हात ठेवून म्हणाले. माझा ऊर भरून आला. चोख असणे एवढेच तर मला येत होते.

आता खंडेनवमीचे सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारे-अवजारे पुजतात. त्या दिवशी त्यांना राबवायचे नाही, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांच्यावरचे हळदकुंकू पुसायचे नाही. गुणवंतराव फौजेत हे पाळत आले होते आणि टपरीतही पाळत. दरवर्षी मला झेंडूची माळ मिळायची, वर दिवसभर सुट्टी. त्या वर्षी वहिनींच्या मनात धाकधूक होती, म्हणून पूजाही जोरात झाली. त्यांनी माझे झाकण उघडले, काचेच्या कडेला ओले कुंकू लावले आणि कापराची आरती अगदी माझ्या डोळ्याशी धरली. "बाबा रे, सांभाळून घे," असे त्या हळूच म्हणालेल्या मी ऐकले. कापूर काळा धूर सोडत जळत होता. मला तेव्हा ते फार सुखाचे वाटले.

दुपारी जीप आली. राजवीर सिंह नावाचे अधिकारी होते, तरुण आणि थकलेले. सकाळपासून टपऱ्या पालथ्या घालत होते.

गुणवंतरावांनी हात जोडले. "साहब, आज हमारे यहाँ मशीन को हाथ नहीं लगाते. पूजा है. परसों आ जाइए."

"कल दशहरे की छुट्टी है और परसों रिपोर्ट ऊपर जानी है," राजवीर सिंह म्हणाले. "आज नहीं देखूँगा तो लिखना पड़ेगा कि केंद्र बंद मिला."

गुणवंतरावांनी वहिनींकडे पाहिले. मग त्यांनी मला नमस्कार केला, माळ बाजूला केली आणि बटण दाबले. गाडी अजून आणलीही नव्हती. आधी रिकाम्या हवेत काटा शून्यावर आणायचा असतो. काटा शून्यावर येईना. त्यांनी शून्याची खुंटी फिरवली, टोकापर्यंत फिरवली. काटा धूर दाखवत उभाच.

"फौजीसाब, यह तो खाली हवा में धुआँ दिखा रही है."

मित्रांनो, मी खोटे बोलत नव्हतो. माझ्या काचेवर कापराची काजळी बसली होती, मला समोरचे दिसत नव्हते, आणि जेवढे दिसत नव्हते तेवढा धूर मी सांगत होतो. एवढेच मला सांगता आले असते तर सगळे मिटले असते. पण मला फक्त काटा आहे, तोंड नाही. त्या क्षणाइतका दुबळा मी कधीच नव्हतो.

वहिनींच्या ते आधी लक्षात आले. "अहो, काजळी धरलीय काचेवर. माझ्या आरतीची."

"काजळी म्हणजे?" पूजेला आलेल्या शिवांजलीने विचारले.

गुणवंतरावांनी वाकून आत पाहिले. खिशातून मलमलीचा तुकडा काढला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. काचेच्या कडेला कुंकू होते.

"तो पोंछ दीजिए," राजवीर सिंह म्हणाले.

"आज नहीं पोंछते, साहब."

"तो मैं क्या लिखूँ? मशीन की पूजा हुई है, इसलिए रीडिंग ग़लत है?" ते कुत्सितपणे बोलले नाहीत. खरेच काय लिहावे ते त्यांना कळत नव्हते. "आप तो सबसे कहते हैं, मशीन झूठ नहीं बोलती. मैंने भी सुना है."

माझ्या बाजूने इतकी वर्षे गुणवंतराव जे बोलले, तेच आता त्यांच्या आडवे आले होते.

"पुसा हो," वहिनी म्हणाल्या. "देव नाही रागावणार. मी बघते त्याचं काय ते."

त्यांनी पुसले. ज्या माणसाने आयुष्यात देवाचे हळदकुंकू वेळेआधी पुसले नव्हते, त्याने डोळे मिटून पुसले. पण कुंकू ओले होते आणि काजळी चिकट. दोन्ही मिळून काचभर पसरले आणि काटा आणखी वर गेला. काच बाहेर काढून स्पिरिटने धुवायला हवी होती, म्हणजे बराच वेळ लागला असता. बाहेर जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, पुढची केंद्रे राहिली होती. पूजाही मोडली आणि काचही स्वच्छ झाली नाही.

"अभी तो ड्राफ़्ट ही है, फौजीसाब," जाता जाता राजवीर सिंह म्हणाले. "आपत्ति भेज दीजिए. क्या पता, सुन लें."

गुणवंतरावांनी हरकत पाठवली. उत्तर आले नाही. त्यांनी खात्यात खेटे घातले, तिथे प्रत्येक टेबलावर चहा मिळाला आणि पुढचे टेबल दाखवले गेले. परवान्याची मुदत संपली आणि पाहणीचा शेरा पाहून तो पुन्हा मिळाला नाही. मसुदा तेव्हाही मसुदाच होता. पुढे कधीतरी पंपमालकांचा फोन आला, की तो बारगळला, आता दुसरा येणार आहे. गुणवंतराव "अच्छा" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आता शिवांजली नोकरी करते आणि आम्ही सगळे द्वारकेत राहतो. गुणवंतराव सोसायटीच्या गेटवर सुपरवायझर आहेत. वर्षभर मी चिमट्यांखाली असतो. मात्र खंडेनवमीला ते मला पुढे ओढतात. वहिनी एक फूल काचेपासून दूर, झाकणावर ठेवतात. कापूर या घरात परत लागला नाही. मग मलमलीने काच पुसून गुणवंतराव बटण दाबतात. ज्या दिवशी मला सुट्टी असायची, त्याच एका दिवशी आता मी काम करतो. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि वहिनींनी विचारले नाही.

या खंडेनवमीलाही तसेच झाले. काच लख्ख होती. गाडी नव्हती, उदबत्ती नव्हती. समोर नुसती दिल्लीची दुपार. काटा हलला, पण शून्यावर न येता थोडा धूर दाखवत थांबला.

गुणवंतरावांनी काच पुन्हा पुसली. शून्याची खुंटी फिरवली. काटा तिथेच.

"बाबा, खराब झालीय ती मशीन," शिवांजली आतून म्हणाली. तिला खोकला होता, महिनाभर जात नव्हता. "कबाडीवाल्याला देऊन टाकू या ना, यार. आणि ते दार लावा, धूळ येते."

गुणवंतराव बाल्कनीच्या कठड्यापाशी गेले. समोरची इमारत असायला हवी होती तिथे नुसता करडेपणा होता.

"खराब नाहीये ती," ते म्हणाले. मग त्यांनी मला बंद केले, मागे सरकवले आणि आत जाऊन दार लावून घेतले.

मित्रांनो, येत्या रविवारी कबाडीवाला येणार आहे असे मी ऐकले आहे. मला वाचवा असे मी म्हणत नाही, जुन्या पेट्या जायच्याच. पण तुमच्या घरी, शाळेत, कुठेही एखादे जुने यंत्र असेल, तर त्याची काच मऊ फडक्याने पुसत जा. आणि पुसल्यावरही ते धूर दाखवत राहिले, तर त्याला खराब म्हणण्याआधी एकदा खिडकीबाहेर बघा.