लाल गाडीची सुटी तार

"बाबा, हात दाखवा," मी म्हणाले.

सासऱ्यांनी दोन्ही पंजे पुढे केले, मग उलटे करून दाखवले. "नखंही बघून घे, बाई. नाहीतर बाकावर उभं करशील."

मी हसले नाही. दोन वर्षांची माझी मुलगी त्यांच्या पायाला बिलगली होती आणि माझ्या पर्समध्ये तिच्या रक्ताचा रिपोर्ट होता. महिनाभर ती पोट धरून रडत होती, घास पुढे केला की तोंड फिरवत होती. रक्तात शिसं निघालं. "घरात कुणी सोल्डरिंग करतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पुढचं मी ऐकलंच नाही.

सासऱ्यांनी उभा जन्म लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर एवढी एकच चैन. रेसच्या खेळण्यातल्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्या, तळहाताएवढ्या. ट्रॅकला मधोमध खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या, त्यांतून गाडीला वीज मिळते. हातातला खटका दाबला की गाडी सुसाट. जुन्या बाजारातून मोडक्या गाड्या आणून, तारांना शिशाचा डाक देऊन ते त्या पुन्हा उभ्या करत. त्या वेळी टेबलावर लाल गाडी होती. तिच्या जळलेल्या मोटरवर त्यांनी केसाएवढी तार एकेक वेढा मोजत गुंडाळली होती. दोन वर्षं चाललं होतं ते.

"हे आजपासून बंद," मी म्हणाले. कारणही सांगितलं.

ते खुर्चीत बसले.

"एकच तार जोडायची राहिलीय गं. खाली आवारात जाऊन जोडू? अंघोळ करूनच वर येईन."

"तुम्हाला गाडी महत्त्वाची की ही?"

असं विचारायला नको होतं. संध्याकाळपर्यंत सगळं खोक्यात भरून त्यांनी खोके माळ्यावर चढवले, खोली तीनदा पुसली.

"आणि थोडे दिवस तिला घेऊ नका," मी दारातून म्हणाले.

नवरा रात्री पुटपुटला, "जरा जास्तच होतंय." मी म्हटलं, "मग रक्त काढताना तिला तू धर."

आजोबांच्या खोलीकडे धावणाऱ्या मुलीला मी रोज उचलून आणायचे आणि आमच्या खोलीच्या खिडकीशी उभं करायचे. ती चौकटीला तोंड लावून रस्त्यावरच्या बस बघायची. तास-तासभर. दात येताहेत म्हणून चावते, असं मला वाटायचं. सासरे पॅसेजमधून जाताना हात पाठीमागे बांधून जायचे. ती "आबा, उचल" म्हणायची. ते म्हणायचे, "आबांचे हात खराब आहेत, राणी."

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा वाढला होता.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून मान वर केली. "घर जुनं आहे? खिडक्यांचा रंग? जुन्या रंगात शिसं असायचं."

घरी येऊन मी चौकटीशी वाकले. पांढऱ्या रंगाचे पोपडे सुटले होते. खाली हिरवा थर, त्याच्याखाली आणखी एक. आणि कडेला ओळीने बारीक बारीक दातांच्या खुणा. रंग तपासायला पाठवला, पण मला उत्तर आधीच कळलं होतं. तिला तिथे रोज मीच उभी करत होते.

सासऱ्यांना सांगताना माझ्या तोंडून माफीचा शब्द फुटला नाही. "तुमचं काही नव्हतं, बाबा," एवढंच.

"कळलं ना वेळेवर? झालं तर मग." ते उठले आणि खिडकीच्या चौकटीवर ठोकायला मापाचा पत्रा आणायला गेले.

गेल्या आठवड्यात आकडा पहिल्यांदा खाली आला. मी माळ्यावरून खोका काढला आणि लाल गाडी त्यांच्यापुढे ठेवली.

"जोडा ना तेवढी तार."

त्यांनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेली, परत ठेवली. "हात बसला होता तेव्हा. आता थरथरतो बघ."

मुलीने गाडी उचलून पळवली. गाडीच्या पोटाखालून लोंबणारी तार फरशीवर घासत, ती तोंडानेच घुर्रर्र करत खोलीभर फिरली आणि शेवटी त्यांच्यापुढे हात पसरून उभी राहिली. "आबा, उचल."

सासऱ्यांचे हात पाठीमागे गेले.

"आलो हं राणी. हात धुऊन आलो."

आत नळ सुरू झाला. ती हात वर धरून दाराकडे बघत उभी होती. नळ बराच वेळ वाहत राहिला.