डावा हात

तांगी केरव्हेलाच्या डाव्या हातात भीती बसली होती. त्याच्या मनात नाही हो, हातात! निदान तो स्वतःची तशी समजूत घालायचा. गेल्या मोसमात शर्यतीत ताशी सत्तर किलोमीटरच्या वेगात तो सायकलवरून आपटला, डावा खांदा मोडला, आणि तेव्हापासून शेवटच्या दोनशे मीटरमध्ये डावी बोटं आपसूक पुढचा ब्रेक दाबायची. अर्धा क्षणच. पण शेवटच्या टप्प्यात सुसाट सुटणाऱ्या स्प्रिंटरचं नशीब त्या अर्ध्या क्षणातच ठरतं.

सकाळी बसमध्ये संघाच्या व्यवस्थापकानं सगळ्यांदेखत त्याला सुनावलं, "आज अझब्रुकच्या शर्यतीत ब्रेक दाबलास, तर उद्यापासून ब्रिससाठी पाण्याच्या बाटल्या वाहायच्या. तेहतीस वर्षांचा घोडा झालास, लाज वाटत नाही?"

ब्रिस संघातलाच सायकलपटू; तांगीचा जोर वाचावा म्हणून कालपर्यंत त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा.

संघाची मालिशवाली सोलांज तांगीच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती.

"रात्री झोपलास का रे पोरा?"

"छे."

"पोटात गोळा आलाय?"

"गळ्यापर्यंत आलाय."

"मग गिळ की मेल्या! मी आहे रेषेपलीकडे. सरळ माझ्याकडे ये."

अकरा वर्षं हेच चाललं होतं. शेवटच्या रेषेपुढे ऐंशी मीटरवर ती टॉवेल घेऊन उभी राहायची आणि दमून आलेल्या तांगीला हँडल धरून थांबवायची.

शर्यतीचे शेवटचे तीन किलोमीटर उरले. घोळका रस्त्याला मावेना. हात आज पुन्हा दगा देणार, हे तांगीला स्वच्छ दिसत होतं. तेव्हा त्यानं वाकून पुढच्या ब्रेकची कळ फिरवली, चाक काढताना मेकॅनिक फिरवतात ती. ब्रेकची रबरं चाकापासून दूर झाली. आता दाब म्हणावं काय दाबायचं ते! असला वेडेपणा फक्त स्प्रिंटरलाच सुचू शकतो.

शेवटच्या दोनशे मीटरवर पुढे चाललेला ब्रिस बाजूला झाला. समोर एका बेल्जियन गड्याचं कोपर आणि रस्त्याकडेचा कठडा यांच्यात जेमतेम फट होती. तांगीच्या डाव्या हातानं ब्रेक करकचून दाबला, पार हँडलला टेकेपर्यंत. काही झालं नाही. सायकल फटीतून सुटली आणि रेषा सगळ्यात आधी ओलांडून गेली.

जिंकला! पण आनंद व्हायच्या आतच त्याला आठवलं, पुढे ब्रेकच नाही. मागचा दाबला, तर चाक नुसतं घसरत चाललं. फोटोवाले कसेबसे पांगले. मधोमध उरली सोलांज.

"हट! सोलांज, बाजूला हो!"

तिला वाटलं, पोरगं आनंदानं ओरडतंय. तिनं दोन्ही हात पसरले.

धूळ खाली बसली तेव्हा ती डांबरावर पडली होती. मनगट नको तिथे वाकलं होतं, चेहरा पांढराफटक. दुसऱ्या, धड हातानं तिनं तांगीचा सदरा पकडला.

"पाहिलं मी!" ती कण्हत, हसत म्हणाली. "नाही दाबलास आज! सांगत होते ना मी सगळ्यांना?"

व्यवस्थापक नाचतच धावत येत होता. तांगी तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. त्यानं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"दाबला होता, सोलांज," तो म्हणाला. "दाबला होता गं."